एका वितीची पायरी

“सासूबाई घरात, अंथरुणावरच बुडाल्या. आणि नवरा म्हणतो, तुझ्या बापाने मारलं!”

तिने पिशवी टेबलावर आपटली. तपासनीस बाईंनी खुर्ची पुढे केली. त्यांचे भाऊजी, निवृत्त चित्रकला शिक्षक, दचकून सावरून बसले.

तिचे वडील नगरपालिकेचे नोकर. धक्क्यावरच्या मोजपट्टीवर भरतीची उंची वाचून तीस वर्षं वहीत लिहीत होते. त्या आकड्यांवरून गेल्या वर्षी पूररेषा ठरली, समुद्राला अडवणाऱ्या भिंतीची उंचीही. गेल्या आठवड्यात पाणी भिंतीवरून आलं. आता पालिका म्हणत होती, म्हातारा घरी बसून आकडे ठोकायचा. बडतर्फीची बैठक आज बारा वाजता होती.

“दांड्या मारायचे का?” भाऊजींनी विचारलं.

“तीस वर्षांत चार दिवस! दोन वर्षांपूर्वी, माझ्या लग्नात.”

धक्क्यावर बाई गुडघाभर पाण्यात उतरल्या. मोजपट्टीच्या कडेला रंगाखाली काहीतरी खडबडीत लागलं. त्यांनी नखाने रंग खरवडला. मेलेले बारके शिंपले, भरती पोचते तिथवरच वाढणारे. शेजारच्या खांबावर जिवंत शिंपल्यांची रेघ वीतभर खाली संपत होती.

“न घासताच रंग फासलाय,” भाऊजी म्हणाले. “आळशी लेकाचा!”

“त्याच्या आळसाचे उपकार माना, भाऊजी.”

पालिकेत अभियंता भिजलेल्या फायली दोरीवर वाळत घालत होता.

“पट्टी दोन वर्षांपूर्वी रंगवायला काढली होती, म्हातारा रजेवर असताना. पट्टीच्या कुलूपबंद चौकटीची किल्ली दोघांकडेच, मी आणि नियोजन अधिकारी. घाला मला बेड्या!”

“या खोलीत ओल येते?”

“छे! या पुराआधी थेंब नव्हता.”

शेजारच्या खोलीत शिरताना भाऊजी अडखळले.

“जपून! पायरी आहे,” नियोजन अधिकारी हसले. “ओल फार यायची, म्हणून जमीन उचलून घेतली. दोन वर्षं झाली.”

खोली कोरडी ठणठणीत. खिडकीतून किनाऱ्यावरच्या नव्या इमारती दिसत होत्या.

“आमच्या मेहुण्यांच्या. पूररेषेच्या बाहेर आहेत हं!”

बाराला त्याच खोलीत सगळे जमले. मुलीचे म्हातारे वडील पायरीच्या खालच्या जमिनीवर मान खाली घालून उभे होते.

“यांनी पट्टी वाचली तशीच लिहिली,” बाई म्हणाल्या. “पट्टीच खोटी होती. समुद्र चढतोय, मग शिंपल्यांची रेघ खांबावर खाली आणि पट्टीवर वर कशी? कारण पट्टी वीतभर वर सरकवून ठोकली. पाणी तेवढंच, आकडा कमी. भिंत बुटकी झाली, पूररेषा मागे हटली, मेहुण्यांना जमीन मोकळी झाली.”

“किल्ली अभियंत्याकडेही होती!”

“होती. पण त्याच्या फायली भिजल्या. त्याने तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवला, साहेब. तुम्ही नाही ठेवलात. भाऊजी, पायरी मोजा.”

भाऊजींनी पंजा ताणून टेकवला. “बरोब्बर एक वीत.”

“शेजारी ओल नव्हती, इथे कुठून येणार? खरं पाणी किती चढणार हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं. स्वतःच्या खुर्चीपुरतं नियोजन मात्र चोख केलंत!”

“अहो, एक वीतच तर—” अधिकारी बोलून गेले आणि थांबले.

मुलीने वडिलांचा हात धरला.

“माझ्या सासूबाईंच्या नाकातोंडात गेलं ते तेवढंच पाणी होतं,” ती म्हणाली. “खाली उतरा. बाबा उभे आहेत तिथे, या जमिनीवर उभं राहून बोला.”