सज्ज्यातली बाई

मिरजेच्या प्रयोगशाळेत धूलिवाचक यंत्राखाली ते तैलचित्र आडवं ठेवलं होतं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव: जाड फटकाऱ्यांचा निळा समुद्र, नारिंगी छपरं, जांभळ्या सावल्या आणि एका सज्ज्यात अंगठ्याएवढी बाई. चेहऱ्याच्या जागी नुसता ठिपका.

त्या बाईसाठीच हंसाबाई लिमये आल्या होत्या. त्यांचे चित्रकार वडील बायको-मुलीला मागे ठेवून तीन वर्षं त्या गावात राहून आले होते. ते तिच्यापायीच, असं हंसाबाईंनी लहानपणी ठरवून टाकलं होतं. वडील गेले, पण त्यांच्यावरचा राग काही गेला नाही. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी तरी खरं काय ते कळायला हवं होतं.

"तैलरंग वाळायला आठवडे लागतात, बाई," डॉ. शमा बागवान म्हणाल्या. कॉलेजात त्या हंसाबाईंच्याच विद्यार्थिनी. "तोवर हवेत जे उडेल ते त्याला चिकटतं. हे यंत्र प्रत्येक फटकाऱ्यातले कण ओळखतं. त्यावरून तो कुठं मारला, तेही कळतं."

"वनस्पतिशास्त्र मी तुला शिकवलंय. निकाल सांग."

"समुद्रावर, छपरांवर ऑलिव्हचे पराग. चित्र तिथलंच. पण बाई वरच्या थरात आहे, आणि तिच्यावर आहेत ज्वारीचे पराग."

"म्हणजे इथं परत आल्यावर काढली?" हंसाबाई कडाडल्या. "आईच्या डोळ्यांदेखत? शरम नाही वाटली?"

"पुढचं ऐका तरी. हवेतला कण रंगावर वरून बसतो. हाताला लागलेला कण मात्र रंगात आतपर्यंत कालवला जातो. या बाईच्या रंगात असे पुष्कळ कण आहेत. भाजलेले तांदूळ, हरभऱ्याची डाळ, मेथी, हळद."

"मेतकूट," हंसाबाई बोलून गेल्या.

वडील परदेशी असताना आईनं मेतकूट विकून घर चालवलं होतं आणि पुढेही ते सोडलं नव्हतं. वडील मात्र त्या पिठाच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत, शिंकांनी बेजार होत. घरात तिसरं माणूस म्हणजे सात वर्षांच्या हंसाबाई.

त्यांनी वाकून सज्ज्यातल्या बाईकडे पुन्हा पाहिलं. मग डोळे पुसून हसू लागल्या.

"आईच ब्रश घेऊन जाऊन बसली की गं तिथं! आणि बाबांनी तिला पुसलं नाही."

"नाही. वरून एकही फटकारा नाही."

"मी शाळेतून आले की रोज या बाईला जीभ काढून दाखवायचे, शमा. आई पदरात तोंड लपवायची. मला वाटायचं, रडतेय बिचारी!"