काळ्याखालचा हिरवा

गुऱ्हाळावर कायलीतला उसाचा रस आटून गूळ व्हायला अजून दोन तास तरी होते. आकारामतात्यांनी चुलवाणात चिपाडाची एक कवळ सारली आणि ते मागं सरून बसले. मलकापूरकडं जाणारी शेवटची एसटी कधीच गेली होती. जाळाच्या उजेडात जालिंदर आणि धनाजी उकिडवे बसले होते.

"तात्या, तुमी एवढी वर्सं ट्रक चालवला," जालिंदर म्हणाला. "रातचं कवा काय दिसलं का? का उगं आपलं लोक बोलत्यात?"

"मला न्हाई दिसलं बाबा. पर नाथाजी पेंटर ठावं हाय न्हवं?"

"जुन्या मोटारी रंगवतो त्यो?"

"त्योच. आता रातचा रंगाची गन हातात घेत न्हाई त्यो. का, ते सांगतो. पर मधी बोलायचं न्हाई. आन अमावस्या व्हती का म्हणून तर इचारूच नकोस. नव्हती. साधा मंगळवार व्हता. सन सहासष्ट, डिसेंबरची सहा तारीख."

आणि तात्यांनी जे सांगितलं ते असं.

त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी नाथाजी सायकलवरून कराडला गेला. काळा रंग, थिनर आणि पाण्याचा पॉलिश पेपर एवढंच आणायचं होतं. येताना तो वाट वाकडी करून साळूबाई सुइणीकडं गेला आणि म्हणाला, "मावशी, आजपासनं आमच्यातच ऱ्हावा."

त्याच्या बायकोचे, हरणाबाईचे, दिवस भरले होते. ही तिसरी खेप. पहिलं लेकरू रडलंच नव्हतं. दुसरं तिसऱ्या दिवशी गेलं. या वेळी हरणाबाईनं एक टोपडंसुद्धा शिवलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "येऊ तर दे आदी."

घर दोन खोल्यांचं. मागच्या परड्यात पत्र्याचं शेड, पुढं गोणपाटाचा पडदा. तेच नाथाजीचं गॅरेज. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पाणी लावून घासायची आणि मग गननं रंगाचा फवारा मारायचा. हवा भरायला पायानं दाबायचा पंप होता. रंग मारायचं काम तो रात्रीच करायचा. दिवसभर रस्त्याची धूळ उडते, ती ओल्या रंगावर बसते. रात्री जमिनीवर पाण्याचा सडा मारला की धूळ उठत नाही. थिनरजवळ कंदील नको म्हणून घरातून वायर ओढून एक बल्ब टांगलेला असायचा.

तेव्हा शेडमध्ये इस्लामपूरच्या लालासाहेबांची गाडी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, काळी, रंगाला पोपडे आलेली. लालासाहेबांनी ती सांगलीत विश्रामबागेतल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यातून घेतली होती. नाथाजीला म्हणाले होते, "काळाच मार. पर असा मार, की दारात मला माजी मिशी दिसली पायजे."

रविवारी दुपारी नाथाजी उजवीकडचं, ड्रायव्हरच्या बाजूचं दार घासत होता. काळा थर गेला आणि खालून हिरवा निघाला. उसाच्या पाल्यासारखा गर्द. बाकीच्या गाडीला काळ्याखाली नुसता पत्रा होता. हिरवं होतं ते एवढं एकच दार. आणि दाराच्या मुठीच्या वर, हिरव्यात, एक अंगठा उमटलेला होता. रंग ओला असताना कुणीतरी दाबून टेकवलेला. नखाची कोरसुद्धा दिसत होती.

नाथाजीनं त्यावर बोट फिरवलं. मग डब्यातली लांबी घेतली, खळगा भरला, वरनं पाती फिरवली. खड्डा दिसला की भरायचा, त्याला एवढंच ठाऊक होतं.

रात्री साडेदहाच्या सुमाराला तो दाराला प्रायमर मारत होता. पडद्याबाहेरून कुणीतरी हाक दिली.

"कारागीर..."

"आं?"

"उजव्या दाराला कंचा रंग?"

"काळा," नाथाजी हात न थांबवता म्हणाला. रस्त्यानं येणारेजाणारे चौकशी करतच असत.

त्यानं दाराच्या खालच्या कडेला फवारा वळवला.

"बरं... येतो मी."

"या."

आपल्याकडं निघणारा माणूस येतो म्हणतो आणि घरातला माणूस या म्हणतो. जातो असं कुणी म्हणत नाही. जातो म्हणून निघालेला माणूस परत येत नसतो. नाथाजीनंही मुद्दाम काही म्हटलं नव्हतं. तोंडाला सवय होती, तोंड बोललं.

सोमवारी रात्री अकराला आवाज आला तो पडद्याच्या आतून. नाथाजी पंपाशी वाकलेला होता.

"घरात कोण हाय?"

"मालकीण हाय. दिवस भरल्यात." बोलल्यावर त्याला वाटलं, परक्या माणसाला हे कशाला सांगितलं? त्यानं मान वर केली. बल्बचा उजेड गाडीच्या या बाजूला होता. पलीकडं अंधार.

"बरं..." अंधारातून आलं. "येतो मी."

"या," नाथाजी म्हणाला.

पडदा हलला नाही. नाथाजीनं खाली पाहिलं. सड्यानं जमीन ओली होती आणि तिच्यावर पावलं होती. सगळी त्याचीच.

सकाळी चहा देताना हरणाबाई म्हणाली, "रातचं कुणाला या म्हणत व्हता?"

"गिऱ्हाईक व्हतं."

"कंचं गिऱ्हाईक? मी जागीच व्हते की. मला तुमचंच बोलणं ऐकू येत व्हतं. मधी मधी गप ऱ्हायचा... आन परत बोलायचा."

नाथाजीनं चहा तसाच खाली ठेवला.

मंगळवारी दुपारी आकारामतात्या गुळाचा ट्रक घेऊन सांगलीला निघाले होते. वाटेत ते नाथाजीकडं टेकले. शेडमध्ये पाऊल टाकल्या टाकल्याच त्यांनी गाडी ओळखली.

"आरं, ही धोंडीबाची गाडी!"

"कोण धोंडीबा?"

"डॉक्टरचा डायवर. सांगलीच्या पेठंत गूळ उतरवला की मी त्याच्याकडं तंबाकू खायाला जायचो. चौदा वर्सं ही गाडी त्यानंच चालवली. एकदा दार चेपलं, तर गड्यानं सोता ठोकलं आन सोता रंगवलं. घरात हिरवा डबा व्हता म्हणून हिरवं! डॉक्टर लय वरडला त्याच्यावर. आन ओल्या रंगाला ह्यानं अंगठा टेकवला. म्हणायचा, सही येत न्हाई मला, ही माजी खूण."

नाथाजीच्या हातातला पॉलिश पेपर तसाच राहिला.

"आता कुटं असतो त्यो?"

"कुटं असतो? चार वर्सं झाली त्याला. रातचं डॉक्टरला सोडलं, गाडी लावली, दारात जाऊन म्हणाला, येतो मी. त्या बंगल्यात कुणी कुणाला या म्हणायचं न्हाई. त्यो बिचारा चौदा वर्सं रोज म्हणायचा, येतो. कोण उत्तर द्यायचं न्हाई. त्या रातीला बी दिलं न्हाई. सकाळी बगत्यात तर ह्यो गाडीतच... सीटवर. दाराला हात लावून. मागनं डॉक्टरनं दारासकट सगळी गाडी काळी करून घेतली."

नाथाजीनं पॉलिश पेपर खाली ठेवला. मग त्यानं दोन रात्रींचं सगळं सांगितलं. साळूबाई पाण्याची बादली घेऊन परड्यात आली होती. तिनं ते ऐकलं आणि बादली तिथंच आपटली.

"तू त्याला या म्हणलास?"

"तोंडातनं गेलं, मावशी."

"दोनदा?"

"व्हय, दोनदा."

"आरं मुडद्या! घरात भरल्या दिवसाची बाई. एका जिवाची वाट बगतोय आपण. आन तू दारात हुबा ऱ्हाऊन कुणाला बी या म्हणतोस?"

"मग काय म्हणायचं व्हतं?"

"जा म्हणायचं. आज आला तर सांग तोंडावर. जा. एक अक्षर हाय."

नाथाजीनं जन्मात कुणाला जा म्हटलं नव्हतं. दारात मागायला आलेल्यालाही तो पुढं हो म्हणायचा. दुपारभर तो तोंडातल्या तोंडात ते अक्षर घोळवत राहिला.

आज शेडमध्ये जायचंच नाही, असं त्यानं ठरवलं होतं. पण दिवेलागणीला हरणाबाईच्या कळा सुरू झाल्या. साळूबाईनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

"हितं तुजं काय काम न्हाई. हो भाईर."

घर दोनच खोल्यांचं. परड्यात थंडी मी म्हणत होती. तो शेडच्या पडद्याशी उभा राहिला. घरातून हरणाबाईचं कण्हणं येत होतं आणि त्याला ते ऐकवत नव्हतं. हाताला काम पाहिजे होतं. शेवटी त्यानं सडा मारला, बल्ब लावला आणि गन उचलली. तेवढं एकच दार राहिलं होतं.

काळ्याचा पहिला हात बसला. दुसरा बसला. दार आरशासारखं झालं. त्यात बल्ब दिसत होता. गोणपाट दिसत होतं. त्याचं स्वतःचं तोंड दिसत होतं. चंद्र उगवायला अजून वेळ होता. बाहेर एक कुत्रं भुंकत होतं.

साडेअकरा झाले असतील.

कुत्रं गप्प झालं.

गाडीतली सीट करकरली.

नाथाजीनं पंपावरचा पाय काढला. हवा फुस्स करून गेली. आत कोणी बसलं की जुनी सीट जशी दबते तसा तो आवाज होता. हळू... मग थांबलेला.

"कारागीर..."

आता आवाज दाराच्या पलीकडून आला. हातभर अंतरावरून. खिडकीला काच नव्हती. नाथाजीनं खिडकीकडं पाहिलं नाही. तो दारातल्या काळ्याकडं पाहत राहिला. त्यात बल्ब होता. गोणपाट होतं. तो होता.

"खूण बुजवलीस..."

नाथाजीनं गन खाली ठेवली.

"...मला ठावं न्हवतं," तो कसाबसा म्हणाला. "खड्डा वाटला मला."

 घरात हरणाबाई ओरडली. मग दातावर दात धरून गप्प झाली.

"मंग आता खूण कुटं ठिवू?"

नाथाजी एक पाऊल मागं सरला.

"सांग की..."



सीट पुन्हा करकरली. दाराची मूठ हलली. नाथाजीनं ती हलताना पाहिली. खाली गेली. वर आली.

"बरं," आवाज म्हणाला. "येतो मी."

आणि थांबला. वाट पाहत थांबला. चौदा वर्षं थांबला असेल तसा.

नाथाजीनं तोंड उघडलं. अक्षर जिभेवर तयार होतं. ज... एवढं ओठांपर्यंत आलंसुद्धा.

तेवढ्यात घरातून साळूबाईचा आवाज आला. मोठ्यानं, विनवून विनवून.

"ये गं बाय माजे... ये... हितवर आलंय, ये आता. मागं फिरू नको. ये..."

नाथाजीचं तोंड उघडंच राहिलं.

घरात एक जीव उंबऱ्यावर आला होता. आणि इथं त्याच्या तोंडात जा होतं. त्या क्षणाला तोंडातून सुटलेलं अक्षर कुणाला लागलं असतं? गाडीतल्याला, की आतल्याला? दोन लेकरं त्या उंबऱ्यावरूनच मागं फिरली होती. कुणी जा म्हटलं नव्हतं, तरी फिरली होती.



"येतो मी..." आवाज पुन्हा म्हणाला. अगदी हळू.

नाथाजीनं डोळे मिटले. हात जोडले.

"या," तो म्हणाला.

बल्ब गेला.

अंधारात त्याला काहीतरी जवळून गेल्यासारखं वाटलं. वारा नव्हता. गोणपाट हललं नाही. घराच्या मागच्या दाराची कडी मात्र वाजली... एकदा.

मग काहीच नाही. काहीच नाही.

आणि मग लेकरू रडलं. असं रडलं की शेजारच्या घरातली माणसं उठून बसली. नाथाजी अंधारात तसाच उभा होता. 

साळूबाई चिमणी घेऊन बाहेर आली. हसत होती ती.

"पोरगी हाय रं! पोरगी! ऐकतोयस न्हवं?"

नाथाजी खालीच बसला आणि रडायला लागला. मग रडता रडता हसायला लागला. पोरगी. म्हणजे तो नव्हे. साळूबाईला कळलं तो का हसतोय ते. तीही मोकळं हसली. म्हणाली, "सुटलो म्हणायचं सगळी."

तात्या थांबले. कायलीत रस रटरटत होता. धनाजीनं केव्हाची विझलेली बिडी तोंडातून काढली.

"मग? जगली का पोरगी?"

"जगली की. परवा दोन वर्सांची झाली. लय तोंडाळ हाय."

"आन ती गाडी?"

"लालासाहेब घिऊन गेला. मिशी बगितली दारात, खूस झाला."

"मग काय तात्या!" जालिंदर मोठ्यानं हसला. "मी म्हणलं काय तरी निघंल. भूत आलं आन बल्ब उडवून गेलं, एवढंच व्हय?"

तात्या उठले. त्यांनी घोंगडं झटकलं, खांद्यावर टाकलं, काठी घेतली.

"येतो रं पोरांनो."

धनाजीनं जालिंदरकडं पाहिलं. जालिंदरनं धनाजीकडं. जाळ तडतडत होता. कुणीच या म्हणालं नाही.

तात्या जाळाच्या उजेडाबाहेर गेले आणि तिथं थांबले. तोंड दिसत नव्हतं.

"एक सांगायचं ऱ्हायलं. साळूबाई आत लेकराला धूत व्हती. तिथनंच वरडली, आरं नाथा, रंगाचा हात लावलास व्हय लेकराला? ह्यो म्हणाला, मी आजून बगितली बी न्हाई तिला. मग चिमणी जवळ नेऊन दोघांनी बगितलं. साबण लावला. थिनर लावला. आजून बी, वाढलं की हरणाबाई कापती... खालनं परत तसंच येतं."

"काय येतं, तात्या?"

"उजव्या अंगठ्याचं नख. हिरवं हाय. आन त्या दिवशी नाथाजीच्या घरात हिरवा रंग नव्हताच."