दुसऱ्याच आवाजातले प्रश्न

मी कॉलेजात इतिहास शिकवते. गेल्या वर्षी आम्ही गावातल्या जुन्या अभ्यासकांवर पॉडकास्ट सुरू केला. कॉलेजच्या ग्रंथालयातली अडगळीची खोली रिकामी केली, भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकली, झाला स्टुडिओ. यंत्रं सांभाळायला प्रयोगशाळेतले आप्पा होते. निवृत्तीला टेकलेले आणि बोलायला मोजके.

तिसऱ्या भागासाठी सिस्टर आल्या. सत्तरीच्या निवृत्त परिचारिका, पण सगळे अजून त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांचे वडील याच ग्रंथालयाचे ग्रंथपाल. गावाचा पहिला इतिहास त्यांनी लिहिला. पुढे गावाची सर्वांत जुनी नोंदवही गायब झाली. ती त्यांनीच परस्पर विकली असा बोभाटा झाला आणि नोकरी गेली. डाग अंगावर घेऊनच ते वारले.

"मी येणारच नव्हते," खुर्चीत बसता बसता सिस्टर म्हणाल्या. "पण त्यांच्याबद्दल बोलायला आता दुसरं कोणी उरलं नाही."

मी विचारलं, "वडील इथे ग्रंथालयात कुठे बसून लिहायचे?"

"जिन्याखाली. मोठ्या कपाटाच्या मागे."

"तुम्ही कधी त्यांची बाजू घेतलीत?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "नाही. कधीच नाही."

सोमवारी दुपारी आप्पांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, जरा ऐका," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता हेडफोन पुढे केला.

सिस्टरांचा आवाज स्वच्छ होता. माझा नव्हताच. माझ्या प्रत्येक प्रश्नाच्या जागी एक म्हातारा पुरुष बोलत होता, सावकाश, मध्ये धाप टाकत.

"वही कुठे राहिली, आठवतं?"

"जिन्याखाली. मोठ्या कपाटाच्या मागे."

"माझ्यावर अजून राग आहे का गं?"

"नाही. कधीच नाही."

"जुनं काहीतरी मिसळलं असेल," मी म्हटलं.

"मेमरी कार्ड कोरं होतं. मीच पाकीट फोडलं."

आम्ही दोघं उठून जिन्याखाली गेलो.

कपाट हलवायला चार माणसं लागली. मागची फळी भिंतीपासून सुटली होती, आणि त्या फटीत नोंदवही घसरून अडकली होती. ग्रंथालयाचा शिक्का होता, पानं शाबूत होती. कोणी चोरली नव्हती, कोणी विकली नव्हती.

सिस्टर तासाभरात आल्या. वही मांडीवर घेऊन त्यांनी ते रेकॉर्डिंग एकदाच ऐकलं.

"बाबाच," त्या म्हणाल्या. घाबरल्या नाहीत. पदराने डोळे पुसले आणि हसल्या. "आज मला झोप लागेल."

प्राचार्यांनी लेखी माफी मागितली. ग्रंथालयात वडिलांचा फोटो लागला. त्या आठवड्यात मलाही फार हलकं वाटत होतं.

भाग तयार करताना मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. मुलाखत संपल्यावर, माइक चालू असतानाच, सिस्टरांनी मला विचारलं होतं की हा भाग कधी ऐकायला मिळेल; जाता जाता मी उत्तरही दिलं होतं.

तो प्रश्न तिथे नव्हता. धाप टाकण्याचा आवाज होता, अगदी माइकजवळ.

"बाई, तुम्ही इकडे कधी येताय?"

आणि माझा आवाज, हसरा, घाईतला.

"लवकरच. सुट्टी लागायच्या आत."