थांबा पुढे आहे

साळगाव स्थानकावरचे कर्णे काढून टाकल्याला वर्ष झालं होतं. आता पुलाच्या छतातून ध्वनीचे अरुंद झोत सुटत. एका झोताखाली पंधरा-वीस माणसं. त्यांच्यासाठी असलेलं त्यांनाच ऐकू येई, शेजारच्या घोळक्याला दुसरंच काही. कुठे किती दाटी आहे हे मोजून कोणाला काय सांगायचं ते यंत्रणा ठरवी. वाक्यं मात्र विभावरीने लिहिलेली होती. घाबरलेला माणूस तीनच शब्द ऐकतो, म्हणून तिने प्रत्येक सूचना तीन शब्दांत बसवली होती.

कुस्तीची अंतिम लढत साडेचारला संपली. पाच वाजता पूल आणि जिने गच्च भरले. त्या गर्दीत तिचे वडीलही होते. नियंत्रण कक्षातून तिने त्यांना फोन लावला.

"अण्णा, कठड्याच्या बाजूनं उतरा."

"उतरतोय गं. तुझं यंत्र अगदी कानाशी येऊन बोलतंय. तुझी आई गेल्यापासनं इतक्या जवळून कोण बोललं नव्हतं."

"लढत कशी झाली?"

"कसली लढत? मिठी मारून उभे होते दोघं. म्हशी बऱ्या झुंजतात."

परतीची खास गाडी सहाच डब्यांची होती. ती फलाटाच्या पुढच्या टोकाला लागणार होती. यंत्रणेने साठ्यातून नेमकं वाक्य उचललं आणि जिन्यावरच्या सगळ्यांना ऐकवलं, "थांबा पुढे आहे."

खालच्यांनी पहिला शब्द ऐकला आणि ते थांबले. वरच्यांनी दुसरा ऐकला आणि ते पुढे सरले.

जिन्याच्या मधोमध माणसं माणसांवर चढली. एकाने वाट काढायला समोरच्याच्या तोंडावर कोपर हाणलं, दात पडले. दुसरा पायाखाली आलेल्या बाईच्या पाठीवर उभा राहून कठड्यापर्यंत पोचला. आरडाओरडा वाढला आणि मग कमी झाला, कारण छाती भरायला जागा उरली नव्हती. बरगड्या मोडल्याचा आवाज यंत्रणेने टिपला आणि 'अनोळखी' म्हणून नोंदवला.

"मॅडम, ते वाक्य बंद करा आधी," कक्षात तिच्या मागे उभे असलेले हवालदार पाटोळे म्हणाले.

तिने ते बंद केलं. पडद्यावर अण्णांची पांढरी टोपी दिसत होती. त्यांच्या खालच्या पायरीपासून माणसं कोसळत होती.

"सगळ्यांना बोला की वो," पाटोळे म्हणाले.

तिने झोत एकट्या अण्णांवर आणला आणि माइक तोंडाशी धरला. "अण्णा, थांबा."

ते तत्क्षणी थांबले. ती कुठे आहे ते पाहायला मागे वळले. वरून आलेला लोंढा त्यांच्या छातीवर आदळला. टोपी गेली, मग तिथे फक्त पाय दिसत राहिले.

सव्वीस माणसं गेली. अण्णा सातव्या पायरीवर, चौघांच्या खाली सापडले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. यंत्रणेचा अहवाल टेबलावर होता. तिचं वाक्य त्यात बदललेलं होतं: 'गाडी दूर उभी.' खाली एक निरीक्षण होतं. त्या दिवशी सूचना पाळायला लोकांना सरासरी चार सेकंद लागले; एका प्रवाशाला अर्धा सेकंद. कारण, ओळखीचा आवाज. शिफारस: तिकीट काढतानाच प्रत्येकाच्या घरच्या माणसाच्या आवाजाचा नमुना घ्यावा आणि संकटात यंत्रणेने त्या आवाजात बोलावं. असं झालं असतं तर बावीस जण वाचले असते.

तिने तो हिशोब दोनदा तपासला. बरोबर होता.

"सही करणार?" पाटोळेंनी विचारलं.

"आईचा आवाज काढून लोकांना फसवायचं, पाटोळे?"

"जगत असतील तर फसू दे की."

येत्या रविवारी पोलीस भरतीसाठी बारा हजार मुलं उतरणार होती. विभावरीने पेनाचं टोपण काढलं. रविवारी ती मुलं आईचा आवाज ऐकून मागे सरकतील, वाचतील, आणि घरी गेल्यावर त्यांना कळेल की आई बोललीच नव्हती. त्यानंतर कधी खरीच आई जिवाच्या आकांताने हाक मारील, तेव्हा त्यांच्यातलं कोण वळून पाहील?