रॅन्सबीची मतपेटी

रॅन्सबी गाव समुद्रानं खाल्लं, असं तुम्ही कौन्सिलवाल्यांनी लिहून ठेवलंत. साफ खोटं. समुद्र सह्या करत नाही. सह्या तुमच्या होत्या. किनाऱ्याला दगडांचा बांध घालायचा की नाही यावर तुम्ही बैठकांवर बैठका घेतल्यात, चहा ढोसलात, बिस्किटं संपवलीत आणि शेवटी ‘काही करायचं नाही’ हेच आपलं धोरण, असं ठरवलंत. काही न करण्याला धोरण म्हणायला छाती लागते. ती तुमच्याकडे भरपूर होती. आता त्या निवडणुकीत रॅन्सबीच्या पेटीतून काय निघालं ते ऐका. तुम्ही त्यावरही काही केलं नाहीत.

एनिड ड्रूरी त्या वॉर्डात अपक्ष उभी होती. सत्तरी ओलांडलेली बाई, शाळेत पोरांना जेवण वाढण्यात हयात गेलेली. तिच्या घरापुढची क्लिफ लेन, कड्यावरची गल्ली, घरांसकट, कुंपणांसकट, लाल टपालपेटीसकट खाली वाळूवर गेली होती. गल्लीच्या टोकाचं एकच घर उरलं होतं, ते एनिडचं. तिचा नवरा रेग एका वादळात परसातलं खोपट दोरानं बांधायला गेला, आणि कडा त्याला खोपटासकट घेऊन गेला. रेग काही सापडला नाही. शेजारीपाजारी शहरातल्या फ्लॅटांत हलवले गेले आणि तिथं एकेक करून मेले. मतदारयादीत मात्र सगळी नावं होती तशीच होती. नावं काढायची म्हणजे घरं गेली हे कबूल करायचं, आणि ते तुम्हाला परवडणार नव्हतं. रेगचं नाव एनिडनंच राहू दिलं होतं. दर वर्षी चौकशीचा कागद यायचा, आणि ती लिहायची: घरात माणसं दोन.

कौन्सिलात दोन्ही बाजू तोलास तोल होत्या. एनिड जिंकली असती तर बांधाचा ठराव पास झाला असता आणि दगडांचे ट्रक आले असते. हरली तर पुढच्या हिवाळ्यात तिचं स्वयंपाकघर गल्लीच्या मागोमाग जाणार होतं. इतकं सरळ होतं ते.

रॅन्सबीचं मतदान कड्यालगतच्या चॅपलच्या हॉलमध्ये होतं. उमेदवाराचा माणूस दाराशी खुर्ची टाकून बसतो आणि मत देऊन जाणाऱ्याला त्याचा यादीतला नंबर विचारतो, म्हणजे आपलं कोण येऊन गेलं, कोण राहिलं ते कळतं. एनिडला माणसं कुठली? कोटावर फितीचं फूल लावून ती स्वतःच बसली. ऊन लख्ख होतं. वारा समुद्राकडून होता आणि त्याला चिखलाचा वास होता.

समोरचा, बांध नको म्हणणारा उमेदवार क्लाइव्ह बॅरट गाडीतून आला. उतरला नाही, नुसती काच खाली केली.

“काय मिसेस ड्रूरी, गर्दी आवरतेय ना?”

“तू उतरून बघ की. की बुटांना चिखल लागेल?”

“सोडा हो हा नाद. शहरात छान फ्लॅट मिळेल. खाली दुकान, वर हीटर.”

“क्लाइव्ह, शाळेत तू ताटातला कोबी सॉक्समध्ये लपवायचास. मी कधी कुणाला बोलले नाही. आज मात्र बोलावंसं वाटतंय.”

तो हसला, काच वर केली आणि गेला. दिवसभरात पोस्टमन आला, शेतावरची दोन भावंडं आली, कुत्र्याला घेऊन एक म्हातारा आला. बाकी सारा वेळ एनिड रस्त्याकडे बघत बसली होती आणि रस्ता रिकामा होता. कोणी दिसलं की ती अर्धवट उठायची. जवळ येईतो ते सावलीशिवाय काही नसायचं. पुन्हा बसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या क्रीडा संकुलात मोजणी झाली. गावातून सकाळची बस नसते, म्हणून एनिड आदल्या रात्रीच शहरात येऊन राहिली होती. बॅडमिंटनच्या आखलेल्या रेघांवर लांब टेबलं मांडली होती, शेजारच्या पोहण्याच्या तलावातल्या औषधाचा वास येत होता. पेट्या एकेक करून उलट्या केल्या जात होत्या. आधी नुसते कागद मोजतात, पालथे ठेवून. पेटीतले कागद आणि केंद्रावरचा हिशोब जुळला की मगच पुढे.

रॅन्सबीची पेटी उलटी केली तेव्हा ढीग पडला. चार-दोन कागद नव्हे, ढीग.

मोजणाऱ्या मुलीनं हात मागे घेतला. “ई! ओले आहेत.”

तिनं बोटं स्कर्टला पुसली. टेबलावर बारीक वाळू राहिली.

“माझ्या पेटीत इतके नसणार,” एनिड म्हणाली. “मी दारातच बसले होते.”

पण हिशोब जुळला. तंतोतंत जुळला. केंद्र सांभाळणारी बेव्ह आतल्या मुलखातली, रॅन्सबीला नवखी, विणकाम घेऊन बसणारी गोल बाई. ती बाजूलाच उभी होती.

“गर्दी होती की हो,” बेव्ह म्हणाली. “माझा मोजा विणायचा राहून गेला. नाव सांगायचे, पत्ता सांगायचे, मी यादीत खूण करायचे. सगळे क्लिफ लेनचे. भारी शांत माणसं.”

ओळखपत्राचा नियम अजून यायचा होता. नाव सांगितलं की मत देता यायचं.

“कुठून आले?”

“मागच्या दारानं. तिकडूनच गल्ली आहे ना त्यांची?”

मागच्या दारापुढे एक पायरी होती. त्या पायरीपुढे हवा होती आणि खूप खाली लाटा होत्या.

“भिजले होते बिचारे,” बेव्ह म्हणाली. “म्हटलं तुमच्याकडे पाऊस असेल.”

आता खरं सांगायचं तर एनिडला भीती वाटली नाही. पहिल्यांदा वाटला तो आनंद. वेडा, लाज वाटावी असा आनंद. तिला वाटलं, आली माझी माणसं. पाई कुणाची चांगली यावरून भांडणारी मॅबेल आली असेल, रेडिओ मोठ्यानं लावणारा पर्सी आला असेल. एकटीला निवडणूक लढवताना बघून सगळे आले. आता दगड येणार.

मग कागद इतर पेट्यांच्या कागदांत मिसळले आणि उताणे केले. मिसळूनही ते ओळखू येत होते, कोपरे वळलेले होते. एनिड टेबलाच्या या बाजूनं वाकून बघत राहिली.

वळलेला कोपरा. फुली क्लाइव्हला.

वळलेला कोपरा. क्लाइव्ह.

क्लाइव्ह.

क्लाइव्हचा गठ्ठा वाढत गेला. टेबलापलीकडे क्लाइव्ह उभा होता, आणि तो हसत नव्हता.

“मिसेस ड्रूरी, मत मागायला मी तिथं एकाही दाराला हात लावला नाही,” तो हळूच म्हणाला. “देवाशपथ. दारंच कुठं आहेत?”

“माहितीय मला.”

“मग मला कोण देतंय हे?”

ती उत्तर देणार तेवढ्यात निवडणूक अधिकाऱ्यानं बोलावलं. हेडली त्याचं नाव, चष्म्याला दोरी लावलेला माणूस. शंका असलेली मतं उमेदवारांना दाखवून निकालात काढायची असतात. एकानं फुलीऐवजी हसरा चेहरा काढला होता, एकानं सगळ्यांना चोर म्हटलं होतं. नेहमीची गंमत. शेवटचा कागद हेडलीनं दोन बोटांत धरला. त्यातून पाण्याचा थेंब टेबलावर पडला.

फुली क्लाइव्हसमोर होती. खाली पेन्सिलनं लिहिलं होतं, कागद फाटेल इतकी दाबून. रेग तशीच दाबून लिहायचा. त्याच्या सामानाच्या चिठ्ठ्यांना नेहमी भोकं पडायची.

*एनिड, कुलूप लावू नकोस. रेग.*

“मतदाराची ओळख पटते,” हेडली म्हणाला. “नियमानं बाद. हरकत आहे कुणाची?”

क्लाइव्हनं एनिडकडे पाहिलं. त्याच्या तोंडाचा रंग गेला होता.

“हरकत?” हेडलीनं पुन्हा विचारलं.

“नाही,” एनिड म्हणाली.

हेडलीनं शिक्का मारला. कागद शिक्क्याला चिकटला.

एनिड हरली. वॉर्डातल्या बाकी गावांनी तिला दिलं होतं. हरवलं ते रॅन्सबीनं. फेरमोजणी मागितली ती क्लाइव्हनं. जिंकणाऱ्यानं फेरमोजणी मागितलेली हेडलीनं कधी ऐकली नव्हती. त्यानं नकार दिला आणि निकाल वाचला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग थांबलं.

हरलेल्यानं मंचावर जाऊन दोन शब्द बोलायचे असतात. अधिकाऱ्यांचे आभार, पोलिसांचे आभार, विजेत्याला शुभेच्छा. एनिड चढली. माइक तिच्या उंचीला जास्त होता, तो तिनं खाली ओढला.

“बेव्ह आहे का?”

टेबलांमागून बेव्हनं हात वर केला.

“ती माणसं आली मागच्या दारानं. गेली कुठून?”

बेव्हला प्रश्न सोपा वाटला. “पुढच्या दारानं. मागचं दार वाऱ्यानं आपटत होतं, मी लावून घेतलं. तुमच्या समोरूनच गेले की सगळे, गावात. एक जण तर तुमच्या खुर्चीमागे उभा होता, खांद्यावर हात ठेवून. बराच वेळ. मला वाटलं, तुमचे मिस्टर.”

तलावाच्या बाजूला एक पोर पाण्यात उडी मारून हसलं.

एनिडनं कोटाच्या खांद्यावरून हात फिरवला. बोटांकडे बघितलं. हात खिशात घातला.

“दगड आता नका आणू,” ती म्हणाली. “अडवायचे ते अलीकडे आलेत. मला शेवटच्या बसनं घरी जायचंय. ती गावाच्या वेशीपर्यंतच येते, पुढे चालत जावं लागतं. इथं तुम्ही इतकी माणसं आहात. कौन्सिलची, पक्षांची, पेपरची. आजवर तुमच्यातलं कोणी माझ्या दारापर्यंत आलं नाही.”

ती थांबली. पहिल्या रांगेत क्लाइव्ह बुटांकडे बघत होता. हेडली चष्मा पुसत होता.

“आज माझ्याबरोबर कोण येतंय? बोला ना. कोण येतंय?”