उघड्या तोंडाचं पोस्टर

चाकणच्या कंपनीत, कॅंटीनच्या दारात सोनलला धडकला तो गोरक्ष, आणि त्याच्या काखेतून निसटून तिच्या पायांशी उलगडला तो भलताच माणूस. कागदावरचाच, पण तिचा पाय आपोआप मागे गेला. हिरवट चेहरा, चेहऱ्यात न मावणारं उघडं तोंड, आणि अंगापेक्षा मोठा पंजा... त्याला दोनच बोटं.

सोनल सेफ्टी विभागात नवी होती. सुरक्षा सप्ताहाच्या स्पर्धेची पोस्टरं गोळा करायचं काम तिच्याकडे. आतापर्यंत आलेल्या सगळ्या पोस्टरांत हेल्मेट घातलेले कामगार असे दात काढून हसत होते, की जणू कारखान्यात वरात आली आहे.

“हे... भीती वाटते हो बघून,” ती म्हणाली. “याला जरा हसवता नाही का येणार?”

“हसवतो की, मॅडम. बोटं तेवढी आणून द्या.”

खरं तर तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी कान तापले. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्याच्या नखांत निळा रंग असावा आणि त्यानं असं सरळ डोळ्यांत बघावं — याचं ट्रेनिंग तिला कुणी दिलं नव्हतं.

मग रोज चहाला काहीतरी निमित्त निघू लागलं. माणसं अशी वेडीवाकडी का काढता, असं ती विचारी. दुखत असताना माणूस सरळ कुठे दिसतो, असं म्हणून तो आपलं बिस्किट तिच्याकडे सरकवी.

चित्रातला माणूस म्हणजे गेटवरचे मालोजी, हे त्यानंच एकदा सांगितलं. आधी ते प्रेसवर होते. माल भराभर निघावा म्हणून, हात आत जाऊ न देणारी त्या प्रेसची जाळी काढून ठेवली होती, आणि त्यात त्यांची तीन बोटं गेली. जाळी अजून काढलेलीच होती. आणि आता त्या प्रेसवर गोरक्ष होता.

त्या दिवशी तिचा चहा कपातच निवला.

चित्र लावू का, म्हणून ती थेट मालोजींना विचारून आली.

“लावा की,” ते म्हणाले. “मी वरडलो तवा मशीन चालू व्हतं, कुणाला ऐकू आलं न्हाई. आता बघू तरी द्या.”

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी ते उघडं तोंड कॅंटीनच्या दर्शनी भिंतीवर होतं. मोठे साहेब ताट घेऊन वळले आणि थबकले. पाहुणे यायचेत, हे आधी उतरवा, असं त्यांनी फर्मावलं. सोनलची नोकरी अजून पक्की झाली नव्हती. तरी ती बोलली, आवाज न चढवता.

“उतरवते, सर. प्रेसला जाळी बसली की लगेच.”

रांगेतली ताटं वाजायची थांबली. सगळे साहेबांकडे बघत होते, आणि साहेब चित्राकडे. शेवटी त्यांनी न जेवताच ताट ठेवलं आणि मेंटेनन्सच्या माणसाला बोलावून घेतलं.

दुपारी जाळी बसली. शब्द दिला होता, म्हणून सोनल चित्र काढायला स्टुलावर चढली. स्टूल धरायला अर्थातच गोरक्ष.

“आता माझं चित्र काढा,” ती वरूनच म्हणाली.

“मी दुखणाऱ्यांचीच काढतो. तुमचं काय दुखतंय?”

“एक माणूस आहे... अख्ख्या जगाचं दुःख रंगवतो, आणि स्वतःच्या मनातलं एक वाक्य त्याला बोलवत नाही.”

गोरक्षनं हात पुढे केला.

“बोलतो. आधी खाली उतर, सोनल.”

‘मॅडम’ ही हाक कुठल्या कुठे गेली होती. ती उतरली — हात काही कुणी सोडला नाही. आणि ते वाक्य त्यानं तिथंच, खरकट्या ताटांच्या खडखडाटात, चांगलं ऐकू जाईल असं म्हटलं.