हसरा ठसा

"माझ्या नवऱ्याला त्यांच्या शिष्यानंच मारलं. लॉकअपमध्ये आहे मेला, पण सुटता कामा नये. पुरावा पक्का करून द्या," बाई म्हणाल्या, खुर्चीवर टेकायच्या आधीच.

भिंगवाल्या गुप्तहेरांनी टोपी उचलली. त्यांच्या मेहुण्यानं अर्ध्या चहाकडे दीनवाणं पाहिलं.

बाईंचे यजमान, म्हणजे मास्तर, एका जुन्या थोर चित्रकाराची व्यक्तिचित्रं तांब्याच्या पत्र्यावर सुईनं उतरवत, रेषा ॲसिडनं खोल करत आणि कागदावर ठसे काढत. काल कोणीतरी मागून लोखंडी दांडा घालून त्यांचं डोकं फोडलं होतं.

कारखान्याच्या भिंतीवर ठसेच ठसे होते. प्रत्येकाखाली मूळ चित्राचा फोटो.

"मूळची माणसं गालात हसतायत, आणि मास्तरांची सगळी सुतकी," मेहुणा म्हणाला. "हसायला काय कर लागत होता?"

"मुद्दाम करायचे," मास्तरांचा मुलगा फणकारला. हुबेहूब नक्कल उतरवतो म्हणून घरात त्याला 'कार्बन' म्हणत; नाव बापानंच ठेवलेलं. "म्हणायचे, श्रीमंतांचं हसू खोटं, ते काढून टाकलं की खरा माणूस दिसतो. मूळ चित्राशी बेइमानी नुसती! ठसे ताडून बघायचं काम माझं, पण मला विचारतो कोण?"

"तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"दुपारी. आई मावशीकडे गेली, पाठोपाठ मीही निघालो. पत्र्यावर तेव्हा नुसते डोळे झाले होते."

"मीही तेवढंच पाहिलं," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी आले तर चेहरा पुरा, आणि हे खाली पडलेले."

म्हणजे मुलगा गेल्यावरही मास्तर बराच वेळ कोरत होते. त्यानंतर आला फक्त शिष्य. पोलिसांना आवडावा इतका सोपा मामला होता.

लॉकअपमध्ये शिष्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता.

"दार वाजवलं, आतून ओ आली नाही, परत गेलो. मला आईबाप नाहीत, साहेब. मास्तरांनी हात धरून शिकवलं. हसरे ओठ सरळ करायचे, हा पहिला धडा."

भिंगवाले कारखान्यात परतले आणि बाईंच्या समोरच त्या शेवटच्या पत्र्याचा ठसा त्यांनी कार्बनकडूनच काढून घेतला. कागदावरचा चेहरा गालात हसत होता.

"झकास," भिंगवाले म्हणाले. "ओठांचा एक कोपरा तेवढा चुकलाय. मूळ चित्रापेक्षा वर गेलाय."

"काहीतरीच! केसभरही नाही. तीनदा ताडून मग सुई—" कार्बनची जीभ अडखळली.

"म्हणजे?" मेहुण्याच्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता.

"डोळे मास्तरांचे, बाकी चेहरा याचा. मास्तरांनी जन्मात हसू कोरलं नाही, शिष्यानंही कोरलं नसतं. मूळ चित्राला चिकटून राहणारा घरात एकच. आई गेल्यावर यानं दांडा घातला. बाप उशिरापर्यंत जिवंत होता असं वाटावं म्हणून प्रेताशेजारी बसून चेहरा पुरा केला. ओठ सरळ करायला हवेत हे ठाऊक होतं, पण हात धजला नाही."

"चूक होती ती त्यांची! मी दुरुस्त केली," कार्बन ओरडला. "म्हणाले, माझ्यामागे कारखाना शिष्याचा. तुझ्या हातात जीवच नाही. जन्मभर ऐकलं मी!"

बाईंनी मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी भिंगवाल्यांची बाही धरली.

"अजून बाहेर कोणाला कळलेलं नाही. त्या पोराच्या मागंपुढं रडायलाही कोणी नाही हो. आत आहे ना तो? राहू द्या की त्याला."

भिंगवाल्यांनी बाही सोडवून घेतली आणि मेहुण्याला पोलिसांना फोन लावायला सांगितलं.